समुद्र पाहण्याची विद्या

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे दृष्टी टाकली, की प्रथम दिसतो तो सिंधुदुर्गाचा तट. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये या जलदुर्गाचे काम आरंभिले आणि तीन वर्षांत ते तडीस नेले. साडेतीन शतके होऊन गेली, तरी त्या नागमोडी तटावर लाटा आदळतच आहेत आणि तट उभाच आहे. दरवर्षी हजारो प्रवासी होडीतून किल्ल्यावर जातात, बुरुजावर चढून चोहोकडे पसरलेल्या पाण्याकडे पाहतात आणि 'समुद्र पाहिला' अशा समाधानाने परततात. वस्तुतः त्यांनी पाहिलेला असतो तो समुद्राचा केवळ पृष्ठभाग. घराचे छप्पर पाहून घर पाहिले असे म्हणावे, तसाच हा प्रकार होय. ज्या पाण्यावरून त्यांची होडी गेली, त्याच पाण्याखाली दोन-तीन पुरुष खोलीवर एक गजबजलेली वस्ती नांदत असते. तिच्यात प्रवाळांच्या भिंती आहेत, माशांचे थवे आहेत, कपारीत दडून बसणारी शेवंडे आहेत आणि वाळूशी एकरूप होऊन पडणारी वागळीही आहे.

ही वस्ती पाहण्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागते असे नाही. एक चिंचोळी होडी, दोन वितींहूनही आखूड अशी एक नळी आणि डोळ्यांवर लावावयाची एक काच, एवढ्या साधनांवर साधा माणूसही समुद्राच्या अंगणात आणि ओसरीवर जाऊ शकतो. मात्र त्याच्याबरोबर एक जाणता वाटाड्या हवा. कारण समुद्र पाहणे ही नुसती हौस नाही. ती एक विद्या आहे, आणि प्रत्येक विद्येप्रमाणे तिलाही गुरू लागतो.

प्रथम या स्थळाची ओळख करून घेऊ. कोकणच्या बहुतेक नद्या पावसाळ्यात सह्याद्रीवरून माती वाहून आणतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ करतात. प्रवाळाला उथळ, उबदार व स्वच्छ पाणी लागते, भरपूर सूर्यप्रकाश लागतो आणि पाय रोवण्यासाठी कठीण खडक लागतो. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ सर्वत्र आढळत नाही. मालवणजवळ मात्र सिंधुदुर्ग, पद्मगड आणि आसपासचे लहानमोठे खडक यांमुळे प्रवाळाला आधार मिळाला आहे. पावसाळ्याचे गढूळ दिवस सोसूनही तो तेथे तग धरून राहिला. या जीवसृष्टीचे महत्त्व ओळखून १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य होय.

आता होडीकडे वळू. समुद्री जीव पाहण्यासाठी जगभर जी होडी वापरली जाते, तिचे नाव कयाक. ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्का येथील हिमप्रदेशात मोठे वृक्ष उगवत नाहीत. तेथील इन्युइट लोक समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत आलेली लाकडे आणि प्राण्यांची हाडे यांचा सांगाडा बांधीत, त्यावर सील नावाच्या जलचराचे कातडे ताणून शिवीत आणि एका माणसापुरती हलकी, निमुळती होडी तयार करीत. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. ते एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे पाण्यात घातले, की होडी सरळ पुढे सरकते. वल्ह्याचा आवाज जवळजवळ होतच नाही. बर्फाच्या तुकड्यावर पहुडलेल्या सीलला चाहूल लागू न देता त्याच्याजवळ पोचता यावे, हाच या रचनेचा मूळ हेतू होता. कयाक ही शिकाऱ्याची होडी होती.

ज्या गुणांमुळे ती शिकाऱ्याला प्रिय झाली, त्याच गुणांमुळे ती आज निसर्गनिरीक्षकाला प्रिय झाली आहे. तिला यंत्र नाही, म्हणून तिचा आवाज नाही. तिला धूर नाही, तेल नाही. तिचा तळ पाण्यात फार खोल जात नाही, म्हणून जेथे मोठी होडी खडकावर आपटेल, तेथेही ती सहज जाते. शिवाय तिच्यात बसणाऱ्या माणसाची दृष्टी पाण्याच्या पातळीपासून हातभरच उंच असते. मोठ्या बोटीच्या कठड्यावरून समुद्र खाली दिसतो. कयाकमधून तो समोर दिसतो. आता ही होडी कातड्याऐवजी प्लॅस्टिकची किंवा काचतंतूंची करतात. नवशिक्यांसाठी ती वरून उघडी असते. ती उलटली, तरी आतला माणूस अडकून पडत नाही.

शिकारीचे साधन निरीक्षणाचे साधन कसे झाले, याचे एक चांगले उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. व्हँकूवर बेटाच्या उत्तरेकडील जॉनस्टन सामुद्रधुनीत उन्हाळ्यात ओर्का नावाचे काळे-पांढरे, प्रचंड जलचर येतात. त्यांना पाहण्यासाठी लोक वाटाड्याबरोबर कयाकमधून किनाऱ्याकिनाऱ्याने जातात. मायकेल बिग या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात पाठीवरील पर आणि त्यामागील करडा डाग यांची छायाचित्रे घेऊन एकेक ओर्का ओळखण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे त्यांची नेमकी मोजदाद करता आली आणि त्यांची कुटुंबे कशी एकत्र राहतात हे समजले. याच सामुद्रधुनीतील रॉबसन बाइट नावाच्या उपसागरात हे प्राणी किनाऱ्यालगतच्या गुळगुळीत गोट्यांवर आपले अंग घासण्यासाठी येतात. हे दृश्य पाहावयास कोणाला आवडणार नाही? परंतु १९८२ मध्ये ती जागा राखीव करण्यात आली, आणि बोटीने वा कयाकने तेथे शिरू नये असा दंडक घालण्यात आला. जेथे सर्वांत अधिक पाहण्यासारखे आहे, तेथेच पाहणाऱ्याने जाऊ नये, हा नियम प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. पण पाहण्याच्या विद्येतील पहिला धडा तोच आहे.

आपल्या कोकणातही वल्ह्याच्या होडीने निसर्ग पाहण्याची रीत आता रुजू लागली आहे. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. तेथील आणि तारकर्लीच्या परिसरातील शांत पाण्यात कयाक चालतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर स्वामिनी नावाच्या महिला बचत गटाने २०१७ मध्ये वल्ह्यांच्या होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. या होड्या स्त्रिया स्वतः वल्हवतात आणि प्रवाशांना खाडीतील झाडांची व प्राण्यांची माहिती स्वतःच सांगतात. आजवर ज्या पाण्याकडे आपण चिखल आणि डास यांचे घर म्हणून पाठ फिरवीत होतो, त्याच पाण्यात त्या आपल्याला हिंडवून आणतात.

खाडीतून होडी हळूहळू चालली, म्हणजे दोन्ही तीरांवर कांदळवनाची दाट जाळी दिसते. काही झाडांची मुळे चिखलातून वर डोके काढून उभी असतात. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून या मुळांनी श्वास घ्यावयाचा असतो. पांढरी चिप्पी हा याच वनातील एक वृक्ष. महाराष्ट्राने २०२० मध्ये त्याला राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मान दिला. ओहोटी लागली, की उघड्या पडलेल्या चिखलावर निवटी उड्या मारू लागतात. निवटी हा मासा खरा, पण तो पाण्याबाहेरही बराच वेळ राहतो आणि छातीच्या परांवर सरपटत चालतो. फांदीवर खंड्या टपून बसलेला असतो. बगळा एका पायावर ध्यान लावून उभा असतो. दैव अनुकूल असेल, तर पाणमांजरही क्षणभर डोके वर काढून जाते. होडीतील कोणी मोठ्याने बोलले, की हे सारे नाटक संपते. वल्हे थांबवून स्वस्थ बसले, की पडदा पुन्हा उघडतो.

या मुळांच्या जाळीत कोलंबी, खेकडे आणि अनेक माशांची पिले लहानाची मोठी होतात आणि मग समुद्रात जातात. म्हणजे खाडी हे समुद्राचे पाळणाघर आहे. कांदळवन तुटले, तर खडकाजवळचे मासेही कमी होतात. ज्याने खाडी पाहिली, त्यालाच समुद्र नीट समजतो.

खाडीच्या मुखाशी, जेथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळते, तेथे डॉल्फिन दिसण्याचा संभव असतो. आपल्या किनाऱ्याजवळ आढळणाऱ्या एका डॉल्फिनच्या पाठीवर उंचवटा असतो, म्हणून त्याला कुबडा डॉल्फिन म्हणतात. तो खोल समुद्रात फारसा जात नाही, किनाऱ्याच्या उथळ पाण्यातच वावरतो. हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो, आणि म्हणून त्याला वारंवार वर यावे लागते. गढूळ पाण्यात त्याचे डोळे फारसे उपयोगी पडत नाहीत. तो स्वतः सूक्ष्म आवाज काढतो आणि माशावर किंवा खडकावर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भोवतालचे चित्र मनात उभे करतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. अशा जगात यंत्रहोडीची घरघर दूरवर पोचते. आपण एखाद्याच्या डोळ्यांपुढे सारखा धूर करीत राहावे, तसेच डॉल्फिनच्या कानांपाशी यंत्राची घरघर करणे होय.

म्हणून जाणता वाटाडा डॉल्फिनच्या मागे धावत नाही. तो यंत्राची होडी असेल तर तिचा वेग कमी करतो, समोरून वाट अडवीत नाही, कळपाच्या मधून होडी घालीत नाही आणि आईबरोबर पिलू दिसले तर अधिकच दूर राहतो. पुष्कळदा असे घडते, की पाठलाग करणाऱ्या होडीपासून डॉल्फिन दूर पळतात आणि स्वस्थ थांबलेल्या होडीजवळ आपण होऊन येतात. जे मागे लागून मिळत नाही, ते थांबल्याने मिळते.

आता पाण्याखाली डोकावू. पाण्यावर पालथे तरंगत, तोंडात धरलेल्या नळीने श्वास घेत खाली पाहणे, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. या कल्पनेचे मूळ फार जुने आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने हत्तीच्या सोंडेचे वर्णन करताना पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे. हत्ती पाण्यातून जाताना सोंड वर धरतो आणि शरीर बुडालेले असूनही निर्वेधपणे श्वास घेतो. माणसाने तीच युक्ती उचलली.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की नळीच लांब केली तर आणखी खोल का जाता येणार नाही? याचे उत्तर पाण्याच्या दाबात आहे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम इतका वाढतो. छातीचा पुढचा भाग एक हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर छातीवर १०० किलोग्रॅमचे ओझे ठेवल्यासारखे होते. नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरचीच, म्हणजे कमी दाबाची असते. इतक्या ओझ्याखाली छाती फुगणार कशी? शिवाय लांब नळीतील वापरलेली हवा पुरती बाहेर न पडता पुन्हा आत ओढली जाते. म्हणून ही नळी सुमारे ४० सेंटिमीटरांहून लांब करीत नाहीत. खोल जावयाचे, तर पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पाठीवरील टाकीतून पुरवावी लागते. अशी युक्ती फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केली. तो मार्ग वेगळा, त्याचे शिक्षणही वेगळे.

डोळ्यांवरील काचेचेही असेच शास्त्र आहे. आपल्या डोळ्याची रचना हवेत पाहण्यासाठी झाली आहे. पाणी थेट डोळ्याला भिडले, तर प्रकाशकिरण पुरेसे वळत नाहीत आणि सारे अंधुक दिसते. काचेमागे थोडी हवा कोंडून ठेवली, की दृष्टी पुन्हा स्पष्ट होते. मात्र पाण्यातून हवेत येताना किरण वाकडे होतात, त्यामुळे प्रत्येक वस्तू सुमारे पावपट जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी भासते. वीतभर मासा पाहून आलेला मनुष्य हातभर माशाचे वर्णन करतो, त्यात त्याचा लबाडीचा हेतू असतोच असे नाही!

पाण्यात तोंड घातले, की बाहेरचा गलबला एकदम थांबतो. आपल्याच श्वासाचा आवाज तेवढा ऐकू येतो. खाली प्रकाशाच्या रेषा वाळूवर नाचत असतात. काळे उभे पट्टे असलेले पिवळसर मासे घोळक्याने जवळ येतात. खडकाच्या कडेला समुद्रफुले आपले मऊ बाहू हलवीत असतात. ती फुले नव्हेत, प्राणी आहेत. कपारीतून शेवंडाच्या लांब मिशा तेवढ्या बाहेर डोकावतात. आणि सर्वत्र पसरलेला असतो तो प्रवाळ. कोठे त्याचा आकार घुमटासारखा, कोठे पसरट ताटासारखा, कोठे मेंदूच्या वळ्यांसारखा असतो.

हा प्रवाळ म्हणजे दगड असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु तो असंख्य सूक्ष्म जीवांचा वाडा आहे. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याची लहानशी कोठी बांधतो, आणि अशा कोठ्यांवर कोठ्या रचल्या जाऊन खडक तयार होतो. या जीवाच्या शरीरात अत्यंत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. घरमालक आणि भाडेकरू यांचे इतके सख्य अन्यत्र क्वचितच दिसेल. घुमटासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर उंचीचा प्रवाळ घडण्यास माणसाचे निम्मे आयुष्य लागते. आणि पायाचा एक धक्का बसला, तर त्याची एक बाजू क्षणात तुटते.

हे सारे ज्याच्या दृष्टीने आपल्याला दिसते, तो वाटाडा बहुधा येथल्याच गाबीत समाजातला असतो. त्याचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढीत आले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाचे प्रचंड जाळे. ते केव्हा टाकावे, हे पाण्याचा रंग, पक्ष्यांच्या झेपा आणि वाऱ्याची दिशा पाहून ठरवावे लागते. ही विद्या पुस्तकात लिहिलेली नाही. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते, असा हिशेब कोकणात परंपरेने चालत आला आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होईल, असे तो बोटांवर मोजून सांगतो. स्थळपरत्वे थोडा फरक पडतो, तोही त्याला ठाऊक असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोराने धावते व गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी संथ राहते आणि तळ अधिक चांगला दिसतो. सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे शांत असतात. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पाणी हलू लागते. म्हणून तो आपल्याला सकाळीच बोलावतो. पावसाळ्यात तो कितीही पैसे दिले, तरी पाण्यात उतरू देत नाही. ज्याने समुद्राचा कोप पाहिला आहे, त्याचा नकार हा खरा शहाणपणा असतो.

या परंपरागत ज्ञानाला आता नव्या शिक्षणाची जोड मिळत आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत पाण्याखाली उतरण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले जाते. बुडणाऱ्याला कसे वाचवावे, घाबरलेल्याला धीर कसा द्यावा, साधनांची तपासणी कशी करावी, हे सारे वाटाड्याला आलेच पाहिजे.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. अभयारण्याची घोषणा झाली, तेव्हा येथील मच्छीमारांनी तिला कडाडून विरोध केला. ज्या पाण्यावर आपले पोट, तेच पाणी आपल्याला बंद होईल, ही त्यांची भीती होती आणि ती अकारण नव्हती. डॉल्फिन जाळ्यातले मासे खातात व जाळी फाडतात, ही त्यांची तक्रारही खरी आहे. समुद्राचे रक्षण करावयाचे, तर समुद्रावर जगणाऱ्यांना बाजूला सारून ते होणार नाही. पाहुणा येतो, तो चार तास राहून जातो. त्या पाण्याशी जन्माचे नाते असते ते किनाऱ्यावरच्या माणसाचे. तोच जर रक्षक झाला, तर रक्षण टिकते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात कासवांची अंडी एके काळी खाण्यासाठी वा विकण्यासाठी नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्याच अंड्यांची राखण सुरू केली. आता तेथे पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी लांबून लोक येतात, आणि गावातल्या घरांतून त्यांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था होते. घरटे शोधून काढणारी नजर तीच राहिली, तिचे काम तेवढे बदलले. रापण टाकणारा आज प्रवाळ दाखवितो, हाही त्याच परिवर्तनाचा भाग आहे.

तथापि, पाहण्यानेही नाश होऊ शकतो. जाळ्याने जसा समुद्र रिकामा होतो, तसा तो हौसेनेही उजाड होऊ शकतो. एका माणसाचा पाय प्रवाळावर पडला, तर एक खूण उमटते. दररोज शेकडो पाय पडले, तर खूणही उरत नाही आणि प्रवाळही उरत नाही. छायाचित्रात मासे गर्दीने दिसावेत म्हणून पाण्यात पाव टाकणे हे दयेचे कृत्य वाटते. परंतु तो त्यांचा आहार नव्हे. शैवाल खरवडून खाणारे मासे आयत्या पावाची वाट पाहू लागले, की प्रवाळावर शैवाल माजते. दोरीला बांधलेला नांगर प्रवाळावर टाकला, तर तो लाटेबरोबर ओढला जातो आणि नांगरटच करतो. त्वचेला लावण्याच्या काही मलमांतील द्रव्येही प्रवाळाला अपायकारक ठरतात. हवाई बेटांत अशा दोन द्रव्यांच्या मलमांची विक्री २०२१ पासून बंद करण्यात आली आहे.

या सर्वांहून मोठे संकट उष्णतेचे आहे. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा केवळ एक अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवालाला बाहेर टाकतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवले, तर शैवाल परत येते. न निवल्यास प्रवाळ उपासमारीने मरतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत जगातील अनेक समुद्रांत असे घडले. पृथ्वीचे तपमान एका माणसाने कमी होणार नाही, हे खरे. परंतु तापाने अशक्त झालेल्या रोग्याला आणखी जखमा होऊ नयेत, एवढी काळजी तर प्रत्येकाला घेता येते.

म्हणून समुद्राच्या घरी जाणाऱ्याने काही मर्यादा पाळाव्यात. पोहता येत असो वा नसो, तरंगण्याचे जाकीट अंगात घालूनच पाण्यात उतरावे. घाबरून उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण उभे राहणारा मनुष्य नेमका प्रवाळावरच पाय देतो. खारे पाणी आपल्याला उचलून धरते, त्यावर विश्वास ठेवून आडवे पडावे. हात जवळ घ्यावेत, कशालाही स्पर्श करू नये. शंख, शिंपला वा प्रवाळाचा तुकडा उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिले आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडा नेणे हाही अपराध आहे. कोणत्याही प्राण्याला खाऊ घालू नये. उन्हापासून रक्षण करावयाचे, तर मलमापेक्षा लांब बाह्यांचा सदरा अधिक उपयोगी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाटाड्याने 'आज नको' असे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये. 'पैसे दिले आहेत, डॉल्फिन दाखवलाच पाहिजे' हा हट्ट जो धरतो, तोच वाटाड्याला डॉल्फिनच्या मागे होडी पळविण्यास भाग पाडतो.

समुद्रात शाळेतल्या फळ्यासारखे ठरावीक तासाला ठरावीक दृश्य दिसत नाही. एखाद्या दिवशी डॉल्फिनचा कळप दिसेल, एखाद्या दिवशी नुसते पाणी दिसेल. ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशीही वारा कोठून आला, भरती केव्हा फिरली, पाण्याचा रंग कोठे बदलला, हे ज्याने टिपले, तो रिकाम्या हाताने परतला नाही. माणसाने समुद्रापासून घेण्याची विद्या फार पूर्वीच हस्तगत केली. त्याला न दुखविता पाहण्याची विद्या अद्याप शिकावयाची आहे. ती ज्या पिढीला साधेल, तिच्या मुलांना सिंधुदुर्गाच्या तटाखालचे हे गाव नांदते दिसेल. ती न साधली, तर तट उभा राहील, लाटा येतील, जातील, आणि बुरुजावरून पाहणाऱ्याला काही उणे झाल्याचे कळणारही नाही.